कोटिकोन : एक नात्याचा शब्द

भूमिति शिकणाऱ्या मुलास कोटिकोन म्हणजे काय, असें विचारलें, तर ‘ज्यांची बेरीज ९० अंश’ असें सांगून तो मोकळा होतो. व्याख्या बरोबर आहे. पण तेवढ्यानें अर्थ उमगतोच असें नव्हे. भावजयीवांचून ज्याप्रमाणें ‘नणंद’ हा शब्द संभवत नाहीं, त्याप्रमाणेंच हाही नात्याचा शब्द आहे. ३० अंशांचा कोन स्वतःपुरता केवळ लघुकोन. ६० अंशांच्या कोनाचा मात्र तो कोटिकोन होय.

हे दोघे शेजारींच असावे लागतात असें नाहीं. भिंतीला टेकलेली शिडी पाहा. जमिनीशीं तिचा कोन ७० अंशांचा असेल, तर भिंतीशीं तो २० अंशांचाच असणार. कारण भिंत व जमीन यांमध्यें काटकोन आहे, आणि त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश असते.

‘कोटिज्या’ म्हणजे कोटिकोनाची भुजज्या. म्हणून ६० अंशांची कोटिज्या तीच ३० अंशांची भुजज्या. एवढें कळलें कीं त्रिकोणमितीचें पुष्कळसें पाठांतर वांचतें.

एक सावधगिरी मात्र पालकांनीं बाळगावी. मराठींत ‘पूरक कोन’ म्हणजे १८० अंश बेरीज होणारे. हिंदींत ‘पूरक कोण’ म्हणजे ९० अंशांचे, आणि १८० अंशांचे ते ‘संपूरक’. हिंदी पुस्तकावरून शिकणाऱ्या मुलास घरीं मराठी अर्थ सांगितला, तर गणित येत असूनही त्याचें उत्तर चुकेल. यासाठीं आधीं शब्द कोणत्या भाषेंतला तें पाहावें, मग पाटी हातीं घ्यावी.