सोनं लाल का दिसतं?

एम.एस्सी.ला नॅनो विषय घेतलेल्यांनो, व्याख्या पाठ करण्याआधी सोन्याचे नॅनोकण बनवून बघा! टर्केविच आणि सहकाऱ्यांची १९५१ची कृती आजही चालते. क्लोरोऑरिक आम्लाचं अगदी विरल द्रावण उकळायचं, ढवळत सोडियम सायट्रेट घालायचं. फिकट पिवळा रंग आधी उडतो, मग काळपट निळसर छटा येते आणि काही मिनिटांत द्रावण माणकासारखं लाल. कण साधारण १५-२० नॅनोमीटरचे. (भांडी आम्लराजाने धुतलेली हवीत, तेही फ्यूम हूडमध्ये आणि सरांच्या देखरेखीखाली. इथे आळस नको.)

कारण? प्रकाश पडला की कणातले मुक्त इलेक्ट्रॉन एकसाथ हेलकावतात आणि ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषला जातो. आता चिमूटभर मीठ टाका. सायट्रेटचं संरक्षण ढासळतं, कण एकमेकांना चिकटतात, द्रावण निळं! सोनं तेच, फक्त कणांमधलं अंतर घटलं. मला तर अख्ख्या विषयातला हाच भाग सर्वांत आवडतो.

फॅराडेने १८५७ मध्येच असं लाल सोनं अभ्यासलं होतं. आणि घरगुती गर्भचाचणीच्या पट्टीवरची लाल रेघ? तीही बहुतेक वेळा याच कणांची.