पोर्ट तपासताना

"डेटाबेस लागत नाहीये" असा निरोप आला की मी लगेच सर्व्हरवर शिरत नाही. तक्रार जिथून आली त्याच मशीनवरून एनसी ही कमांड चालवतो: सर्व्हरचा पत्ता, पोस्टग्रेसचा ठरलेला पोर्ट ५४३२ आणि पाच सेकंदांची मुदत.

'कनेक्शन रिफ्यूज्ड' असं झटकन आलं तर माझा जीव भांड्यात पडतो. नवीन मुलांना हे उलटं वाटतं. पण नकार द्यायलाही पलीकडे कोणीतरी असावं लागतं. आपलं जोडणी मागणारं सिन पॅकेट पोहोचलं, त्या पोर्टवर कोणताच प्रोग्रॅम ऐकत नव्हता, म्हणून तिथल्या कर्नलने नकाराचं आरएसटी धाडलं. पोर्ट उघडा असता तर सिन-ॲक आलं असतं. क्वचित फायरवॉलही असा नकार देते, पण बहुतेक वेळा रस्ता ठीक असतो.

मग सर्व्हरवर जाऊन एसएस कमांडने ऐकणारे पोर्ट पाहायचे. पोस्टग्रेस तिथे चालू दिसतो, पण पत्त्याच्या रकान्यात १२७.०.०.१ असतं. म्हणजे तो फक्त त्याच मशीनचं ऐकतोय. मुळात तो असाच येतो. 'लिसन ॲड्रेसेस' ही सेटिंग बदलल्याशिवाय बाहेरच्याला दाद देत नाही. म्हणून सर्व्हरवर बसून "इथून तर लागतंय" म्हणणाऱ्यावर मी विसंबत नाही.

खरी डोकेदुखी काहीच न येण्याची. मुदत संपते आणि हाती काही लागत नाही. फायरवॉलने पॅकेट गुपचूप टाकलं, मशीनच बंद आहे, की उत्तर परतीच्या वाटेवर हरवलं? गॉर्डन लायन यांचं पोर्ट स्कॅन करणारं एनमॅप १९९७ सालापासून आहे. फायरवॉलमागे गप्प राहिलेल्या पोर्टला ते 'बंद' न म्हणता 'फिल्टर्ड' म्हणतं. हा काटेकोरपणा मला फार मोलाचा वाटतो. मात्र परक्या होस्टवर ते परवानगीशिवाय चालवू नये. सरावासाठी त्यांनीच स्कॅनमी नावाचा होस्ट खुला ठेवलाय.

हे झालं टीसीपीचं. यूडीपीत तर उघडा पोर्टही गप्प बसू शकतो. बंद असल्याचा निरोप आयसीएमपीने येतो, पण लिनक्स असे निरोप सेकंदाला साधारण एकच सोडतं. सगळे ६५,५३५ पोर्ट पाहायचे तर अठरा तासही पुरत नाहीत. त्यामुळे ५३ वरचा डीएनएस तपासताना मी स्कॅनच्या वाटेला जात नाही. डिग कमांडने सरळ एखादं नाव विचारतो. पत्ता आला की पोर्ट उघडा.