टीव्हीखालचा काळा डबा कॉम्प्युटरला हरवू शकला का?

गेम खेळायचा तर कॉम्प्युटरवर, की टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर? वर्गात हा प्रश्न नुसता टाकून बघा. मधली सुट्टी संपेल, पण भांडण संपणार नाही! एक गट म्हणेल, "माऊस-कीबोर्डशिवाय मजाच नाही." दुसरा म्हणेल, "सोफ्यावर लोळत खेळण्यात जे सुख आहे ना...!"

हे भांडण जुनं आहे, बरं का. आणि एकदा तर ते फारच गमतीशीर झालं होतं. कारण कॉम्प्युटरशी टक्कर घेणारा कन्सोल चक्क कॉम्प्युटरवाल्यांनीच बनवला होता! त्याचं नाव एक्सबॉक्स.

घरातलाच शत्रू

सन २००० मध्ये सोनी कंपनीचा प्लेस्टेशन-२ बाजारात आला. त्यावर गेम खेळता यायचे, शिवाय डीव्हीडीवरचे सिनेमेही बघता यायचे. मायक्रोसॉफ्ट ही विंडोज बनवणारी कंपनी. तिथल्या लोकांना धाकधूक वाटू लागली. उद्या लोकांनी दिवाणखान्यातल्या या डब्यावरच सगळी कामं करायला सुरुवात केली, तर कॉम्प्युटर कोण घेणार?

कंपनीतल्या काही इंजिनिअरांच्या डोक्यात मात्र आधीपासूनच एक कल्पना घोळत होती. विंडोजवर गेम चालवायला 'डायरेक्ट एक्स' नावाचं सॉफ्टवेअर लागतं. तेच एका डब्यात घालून टीव्हीला जोडलं तर? म्हणजे झाला 'डायरेक्ट एक्स बॉक्स'. पुढे नाव आखडलं आणि उरलं एक्सबॉक्स! १५ नोव्हेंबर २००१ रोजी तो अमेरिकेत विक्रीला आला. किंमत २९९ डॉलर.

आत दडलेला कॉम्प्युटर

हा डबा उघडला असता तर काय दिसलं असतं? ७३३ मेगाहर्ट्झचा इंटेलचा प्रोसेसर, ६४ एमबी मेमरी, एनव्हिडियाची ग्राफिक्स चिप, ८ जीबीची हार्ड डिस्क आणि नेटवर्कची वायर जोडायची जागा. म्हणजे हुबेहूब कॉम्प्युटरच की! तोपर्यंतच्या कन्सोलमध्ये हार्ड डिस्क सहसा नसायचीच.

पण गंमत अशी की, त्याच सुमाराला कॉम्प्युटरचे प्रोसेसर १००० मेगाहर्ट्झच्या पुढे गेले होते. मग ७३३ वाला त्यांच्यापुढे टिकणार कसा?

इथे दोन युक्त्या होत्या. पहिली म्हणजे, कॉम्प्युटर एकाच वेळी दहा कामं करत असतो. विंडोज, प्रिंटर, अँटीव्हायरस, सगळ्यांना मेमरीतला वाटा द्यावा लागतो. कन्सोलला काम एकच, समोरचा गेम चालवणं. शिवाय प्रत्येक एक्सबॉक्स आतून सारखाच. गेम बनवणाऱ्याला नेमकं ठाऊक असायचं, की आपल्याला किती ताकद मिळणार आहे. कॉम्प्युटरचं तसं नाही. तुझा वेगळा, माझा वेगळा!

दुसरी युक्ती टीव्हीची. त्या काळातल्या साध्या टीव्हीसाठी गेमचं चित्र साधारण ६४० बाय ४८० ठिपक्यांचं असलं की भागायचं. गुणाकार करून बघा, ३ लाख ७ हजार २०० ठिपके. कॉम्प्युटरच्या मॉनिटरवर १०२४ बाय ७६८ म्हणजे ७ लाख ८६ हजार ४३२ ठिपके रंगवावे लागत. अडीच पटींहून जास्त काम! कन्सोलची मेहनत तिथेच वाचली.

हेलोची करामत

पण नुसत्या यंत्राला कोण विचारतं? गेम हवा ना! एक्सबॉक्सबरोबर आला 'हेलो'. याची कथाही मजेदार आहे. १९९९ मध्ये हा गेम जगासमोर आणला होता ॲपलच्या स्टीव्ह जॉब्ज यांनी, मॅक कॉम्प्युटरच्या कार्यक्रमात. २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने हेलो बनवणारी बंजी ही कंपनीच विकत घेतली आणि गेम आला एक्सबॉक्सवर. कॉम्प्युटरवर हेलो खेळायला लोकांना २००३ पर्यंत वाट बघावी लागली.

बंदुकीने नेम धरायचे खेळ माऊसवरच चांगले जमतात, अशी तेव्हा पुष्कळांची पक्की समजूत होती. हेलोने दाखवून दिलं, की हातातल्या कंट्रोलरवरही ते झकास खेळता येतात. शिवाय एकाच टीव्हीचे चार भाग करून चौघं मित्र शेजारी-शेजारी बसून खेळू शकत. चार डबे वायरने जोडले तर सोळा जण! नोव्हेंबर २००२ मध्ये 'एक्सबॉक्स लाइव्ह' सुरू झालं आणि इंटरनेटवरून लांबच्या खेळाडूशी बोलत बोलत खेळता येऊ लागलं.

कॉम्प्युटरचे हुकमी पत्ते

मग कॉम्प्युटर हरला का? छे! त्याच्याकडे वेगळीच ताकद होती. 'काउंटर-स्ट्राइक'चंच उदाहरण घ्या. हा गेम कुठल्या बड्या कंपनीने बनवायला घेतला नव्हता. मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोन पोरांनी 'हाफ-लाइफ' या गेममध्ये फेरफार करून तो १९९९ मध्ये तयार केला. पुढे हाफ-लाइफच्या कंपनीने, म्हणजे व्हॉल्व्हने, तो आपलासा केला. कॉम्प्युटरवर तुम्ही गेम नुसता खेळत नाही, तो खोलून, बदलून नवा घडवू शकता. कन्सोलचं झाकण मात्र कंपनीने कुलूपबंद केलेलं. शिवाय 'एज ऑफ एम्पायर्स'सारखे डावपेचांचे खेळ, जिथे शेकडो सैनिक हलवायचे असतात, ते माऊसशिवाय खेळणं म्हणजे हातमोजे घालून सुईत दोरा ओवणं!

आपल्याकडे तर कॉम्प्युटरच्या बाजूने आणखी एक कारण होतं. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत कॉम्प्युटर आला तो 'अभ्यासासाठी'. एमएस-सीआयटी करायचंय म्हटलं की आई-बाबा विचार तरी करायचे. टीव्ही गेम मागितला की उत्तर ठरलेलं, "आधी मार्क दाखव!" त्यातून हट्ट पुरा झालाच, तर कॅसेट घालून चालणारा स्वस्तातला टीव्ही गेम यायचा. एक्सबॉक्स-३६० हा पुढचा कन्सोल भारतात रीतसर विकायला आला तो थेट २००६ मध्ये. तोवर पोरं सायबर कॅफेत तासावर पैसे देऊन काउंटर-स्ट्राइक खेळत होती.

हिशेब मांडा

आता पैशांचं बोलू. एक्सबॉक्स २९९ डॉलरला मिळायचा, पण तो बनवायला कंपनीला त्याहून जास्त खर्च यायचा. मग ती तोटा सोसून का विकत होती? कारण खरी कमाई गेममध्ये होती. नवा गेम साधारण ५० डॉलरचा. दहा गेम घेतले की झाले ५०० डॉलर, म्हणजे डब्यापेक्षाही जास्त! डबा स्वस्त, गेम महाग. कॉम्प्युटरचं उलटं. यंत्र महाग, पण त्यावर गेमशिवाय इतरही शंभर कामं.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १५ एप्रिल २०१० रोजी मायक्रोसॉफ्टने जुन्या एक्सबॉक्सची इंटरनेट सेवा बंद केली. 'हेलो-२'च्या काही चाहत्यांनी काय करावं? त्यांनी आपला डबा बंदच केला नाही! एकदा बाहेर पडलं की परत आत जाता येणार नव्हतं. एकेक जण गळत गेला आणि मे महिन्यात शेवटचा खेळाडूही बाहेर पडला. पैसे देऊन घेतलेला गेम, पण कळ कंपनीच्या हातात. जुना काउंटर-स्ट्राइक मात्र खेळाडूंनी स्वतःच्या सर्व्हरवर चालू ठेवला.

मग जिंकलं कोण?

पहिला एक्सबॉक्स सुमारे २ कोटी ४० लाख विकला गेला. प्लेस्टेशन-२ तर १५ कोटींच्याही पुढे. तरी कॉम्प्युटरवरचे गेम संपले नाहीत, उलट वाढलेच. उलट पुढे एक्सबॉक्सचे गेमच कॉम्प्युटरवर येऊ लागले. आणि २०२२ मध्ये व्हॉल्व्हने 'स्टीम डेक' काढला. दिसायला हातात धरायचा कन्सोल, आतून पक्का कॉम्प्युटर! दोघांमधली भिंत दोन्ही बाजूंनी झिजत गेली.

तेव्हा नवा कन्सोल आला, की जाहिरातीतले आकडे बघून लगेच बाबांच्या मागे लागू नका. आधी कागद-पेन्सिल घ्या. यंत्राची किंमत, वर्षाला लागणारे गेम, इंटरनेट सेवेची वर्गणी, सगळं लिहा आणि बेरीज करा. घरात आधीच असलेल्या कॉम्प्युटरवर काय चालतं तेही बघा. मग स्वतःला विचारा, मला मित्रांबरोबर बसून नुसतं खेळायचंय, की गेमच्या पोटात शिरून तो कसा चालतो हेही बघायचंय?

पहिलं उत्तर आलं तर कन्सोल बरा. दुसरं आलं तर कॉम्प्युटरच घ्या. कोण जाणे, पुढचा काउंटर-स्ट्राइक तुमच्याच टेबलावर तयार व्हायचा!