डुकरांच्या सांथीचा माग

सांथ कोठून आली, हा प्रश्न मनुष्य फार प्राचीन काळापासून विचारीत आला आहे. पण त्याचें उत्तर बहुधा तर्कावर किंवा लोकवार्तेवर अवलंबून असे. आतां विषाणूच्या अंगींच त्याच्या प्रवासाची नोंद सांपडते. ती कशी वाचतात, हें 'आफ्रिकन स्वाइन फीव्हर' या डुकरांच्या तापाच्या उदाहरणानें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. २००९ सालीं ज्या 'स्वाइन फ्लू'नें पुण्यांत घबराट उडविली, तो हा रोग नव्हे. हा ताप माणसांस होत नाहीं. परंतु त्याच्या तीव्र प्रकारानें गांठलेलीं पाळीव डुकरें बहुतेक थोड्याच दिवसांत मरतात. केनियांतील या रोगाचें वर्णन मॉन्टगोमेरी यांनीं १९२१ सालीं प्रसिद्ध केलें. आफ्रिकेंतील रानडुकरांच्या अंगांत हा विषाणु असूनही तीं धडधाकट राहतात. युरोपांतून आणलेलीं पाळीव डुकरें मात्र त्यास बळी पडलीं.

या विषाणूचें आनुवंशिक द्रव्य, म्हणजे डी. एन. ए., सुमारें १,७०,००० ते १,९०,००० अक्षरजोड्यांचें असतें. विषाणु वाढतो तेव्हां या मजकुराची नक्कल होते, आणि नकलेंत क्वचित् चूक राहते. हस्तलिखित पोथ्यांचेंही असेंच आहे. एका लेखनिकानें शब्द बदलला, कीं त्याच्या प्रतीवरून उतरलेल्या पोथ्यांत तीच चूक येते. म्हणून समान चुका असलेल्या पोथ्यांचें मूळ एक असावें, असें पंडित ठरवितात. शास्त्रज्ञांची रीत हीच. 'पी ७२' नामक प्रथिनाचें जनुक ताडून त्यांनीं या विषाणूचीं वीसहून अधिक कुळें मोजलीं. बहुतेक कुळें आफ्रिकेंतच आढळतात. बाहेर पसरलीं तीं पहिलें व दुसरें हीं दोनच. जेथें विविधता अधिक, तेथेंच मूळ घर असावें, या अनुमानास यामुळें बळकटी येते.

१९५७ सालीं लिस्बनजवळ जो ताप प्रकटला, तो पहिल्या कुळाचा. २००७ सालीं काळ्या समुद्रावरील जॉर्जिया देशांत आढळलेला विषाणु दुसऱ्या कुळाचा निघाला, आणि त्याचें साम्य मोझांबिक, मादागास्कर व झांबिया येथील नमुन्यांशीं दिसलें. जहाजांवरील उष्टें अन्न पोती बंदराजवळच्या डुकरांच्या खाण्यांत आलें असावें, असें तज्ज्ञ मानतात. पुढें हेंच कुळ रशियांत, २०१४ सालीं पोलंडांत, ऑगस्ट २०१८ मध्यें चीनांत आणि २०२० सालीं आसाम व अरुणाचल प्रदेशांत पोंचलें.

मात्र या रीतीस मर्यादा आहेत. एक जनुक कुळ सांगतें, गांव सांगत नाहीं. जवळच्या नातलगांतील भेद कळण्यास संपूर्ण मजकूर वाचावा लागतो. आणि दोन नमुन्यांत साम्य असलें, तरी विषाणु कोणत्या वाटेनें आला हें व्यापार व वाहतूक तपासूनच ठरवावें लागतें. शिवाय दोन्ही कुळांचा मजकूर एकत्र झालेले विषाणु चीनांत आढळल्याचें २०२३ सालीं प्रसिद्ध झालें. अशा मिश्र प्रतीचें कुळ केवळ एका जनुकावरून ठरविणारा फसेल.

हा सर्व खटाटोप कोणाच्या माथीं दोष मारण्यासाठीं नव्हे. विषाणूस पाय नाहींत. दूरचा प्रवास तो बहुधा मनुष्याच्या हातूनच करितो. मांस, उष्टें, गाड्या आणि चिखलानें भरलेले जोडे हीं त्याचीं वाहनें. आसामांतील गरीब कुटुंबास दोन-तीन डुकरें म्हणजे घरची शिल्लकच होय; आजारपण किंवा मुलांची फी यांवरच भागते. सांथ आली कीं एका आठवड्यांत ती शिल्लक नाहींशी होते. म्हणून पहिलें डुकर मरतांच तें लपवूं किंवा विकूं नये. पशुवैद्यास कळवावें, आणि उष्टें न उकळतां कधींही डुकरांस घालूं नये. प्रयोगशाळेंत वाचली जाणारी ती सूक्ष्म पोथी अखेर गोठ्यांतील या साध्या दक्षतेचेंच महत्त्व पटवून देते.