न काढायचे सेंट्रिंग

नेहमीच्या बांधकामात सेंट्रिंगच्या फळ्या लावायच्या, काँक्रीट ओतायचे आणि ते घट्ट झाले की फळ्या काढायच्या. उष्णतारोधक साच्यांच्या पद्धतीत साचा भिंतीतच राहतो. थर्माकोलचे पोकळ ठोकळे एकावर एक रचून त्यांत सळया बांधतात आणि मधल्या पोकळीत काँक्रीट भरतात. साधारण चार-चार फुटांच्या थरांनी ते ओतावे लागते. घाई केली तर दाबाने साचा फुटू शकतो. कॅनडातील वर्नर ग्रेगोरी यांनी 1966 साली अशा साच्यासाठी पेटंट अर्ज केला. लखनौच्या लाइटहाउस गृहप्रकल्पातही भिंतीतच राहणारा साचा वापरला आहे, मात्र तो पीव्हीसीचा.

भिवंडीच्या दमट उष्ण हवेत ही भिंत बाहेरची उष्णता अडवते. तिथल्या यंत्रमागांच्या शेजारच्या घरांना तिचा आणखी मोठा फायदा मिळू शकतो: भरीव काँक्रीटमुळे खडखडाट बराच कमी होतो. शीतगृहालाही ती शोभते. साध्या गोदामात मात्र ऊन मुख्यतः पत्र्याच्या छपरातून उतरते. तिथे आधी छपराकडेच पाहायला हवे.

थर्माकोल जळतो, म्हणून आतून प्लास्टर किंवा जिप्सम बोर्ड अनिवार्य समजावे. जमिनीलगत वाळवीला थर्माकोलमधून लपून वर चढता येते. पायाभोवती वाळवीरोधक उपचार आणि पावसासाठी जलरोधक थर आधीच करावा लागतो.