आघाडी (कबड्डी)

कबड्डीत एका संघाचे गुण प्रतिस्पर्ध्यापेक्षा जितके अधिक, तितकी त्याची आघाडी होय. प्रो कबड्डी लीगमध्ये सामना २० मिनिटांच्या दोन सत्रांचा असतो. अखेरच्या मिनिटांत मोठी आघाडीही नाहीशी होऊ शकते.

कारणे

आघाडीवरील संघ वेळ काढण्यासाठी ३० सेकंदांच्या चढाईत गुण न घेता परततो. मात्र सलग दोन चढाया निष्फळ ठरल्यास तिसरीत गुण मिळवावाच लागतो. अन्यथा चढाईपटू बाद होतो. ही चढाई केव्हा येणार हे बचावपटूंना ठाऊक असल्याने ते पकडीसाठी सज्ज असतात. प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू बाद केल्याखेरीज आपला बाद खेळाडू मैदानात परतत नाही. त्यामुळे बचाव विरळ होत जातो. सर्व खेळाडू बाद झाल्यास लोण चढून प्रतिस्पर्ध्यास आणखी दोन गुण मिळतात.

उदाहरण

अहमदाबाद येथे २२ ऑक्टोबर २०१६ रोजी झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात मध्यंतरास इराण १८-१३ असा पुढे होता. उत्तरार्धात भारताने २५, तर इराणने ११ गुण मिळवले आणि भारत ३८-२९ असा विजयी झाला. अजय ठाकूर यांनी चढायांत १२ गुण मिळवले.

श्रेष्ठ खेळाडू

भारताचे कर्णधार अनुप कुमार हे यू मुम्बाचेही कर्णधार होते. त्यांच्या नेतृत्वाखाली यू मुम्बाने २०१५ च्या अंतिम सामन्यात बंगळुरू बुल्सचा ३६-३० असा पराभव केला. बोनस गुण मिळवण्यात ते निष्णात मानले जात. केवळ गुणसंख्येवरून चढाईपटूचे श्रेष्ठत्व ठरत नाही. केव्हा धोका पत्करावा आणि केव्हा सुखरूप परतावे, हा निर्णयही तितकाच महत्त्वाचा असतो.