उधारीचे खाते आणि तराजूचा काटा

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात यादी करून किराणा भरणारा नोकरदार आणि सायंकाळी मजुरी हातात पडल्यावर पाव किलो साखर व पन्नास ग्रॅम चहा नेणारा शेतमजूर, हे दोघेही गावातील एकाच दुकानाच्या फळीसमोर उभे राहतात. दुकान एक, दुकानदार एक, काटाही एकच. तरीही दोघांना येणारा अनुभव सारखा असतो असे म्हणता येत नाही. पहिला वजनाकडे पाहतो, भाव विचारतो, माल पसंत न पडल्यास पुढच्या दुकानी जातो. दुसऱ्याला यातील एकही गोष्ट सहजासहजी करता येत नाही. ग्राहकांच्या हक्कांविषयी आपण जे बोलतो आणि लिहितो, ते बहुधा पहिल्या ग्राहकाला समोर ठेवून असते. प्रस्तुत लेखाचा विषय मुख्यतः दुसरा ग्राहक हा आहे.

माप आणि तोल यांबाबतची ग्राहकाची तक्रार आजची नाही. पूर्वी गावोगावी धान्य मापाने विकले जाई. निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली अशी ही चढती मालिका होती. परंतु एका भागातील पायली दुसऱ्या भागातील पायलीशी जुळेलच याची शाश्वती नसे. त्यात माप सपाट भरावयाचे की शीग लावून, हा प्रश्न वेगळाच. देणारा सपाटीवर समाधान मानी, घेणाऱ्याचे डोळे शिगेवर असत. १९५६ च्या कायद्याने देशात दशमान वजने-मापे स्वीकारण्यात आली व १९५८ च्या ऑक्टोबरपासून ती टप्प्याटप्प्याने प्रचारात आली. आज हा सर्व कारभार वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ या कायद्यानुसार चालतो. १ एप्रिल २०११ पासून तो अंमलात आहे.

या कायद्यानुसार व्यापाऱ्याने आपली वजने व काटे शासकीय निरीक्षकाकडून ठरावीक मुदतीने तपासून घेऊन त्यांवर मुद्रा उमटवून घ्यावयाची असते. साधा तराजू व वजने यांची फेरपडताळणी दोन वर्षांनी आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी करावी लागते. पडताळणीचे प्रमाणपत्र दुकानात दिसेल अशा जागी लावणेही बंधनकारक आहे. लोखंडी वजन उलटे करून पाहिले तर त्याच्या खाचेत शिसे भरलेले आढळते. निरीक्षकाची मुद्रा त्या शिशावर असते. आठवडे बाजारात काही विक्रेते वजनाऐवजी दगड वापरताना दिसतात. असा दगड कितीही वर्षे ‘अर्ध्या किलोचा’ म्हणून ओळखला जात असला, तरी कायद्याच्या दृष्टीने ते वजनच नव्हे.

इलेक्ट्रॉनिक काटा आल्यापासून पासंगाची जुनी शंका मिटली, असे अनेकांना वाटते. ती पूर्णपणे मिटलेली नाही. माल ठेवण्यापूर्वी काट्यावर शून्य दिसते की नाही, हे पाहण्याची सवय फार थोड्या ग्राहकांना असते. याहून कमी माहीत असलेली एक गोष्ट येथे मुद्दाम सांगावयास हवी. तीस किलोपर्यंत तोलणारा आणि पाच ग्रॅमच्या टप्प्याने वजन दाखविणारा काटा किराणा दुकानांतून सर्रास वापरला जातो. अशा काट्याची कमाल मर्यादा त्याच्या पट्टीवर लिहिलेली असते, तशीच किमान मर्यादाही असते. ती सामान्यतः शंभर ग्रॅम असते. म्हणजे त्याहून कमी माल तोलण्यासाठी तो काटा योजलेलाच नाही. पन्नास ग्रॅम जिरे तोलताना पाच ग्रॅमचा फरक पडला, तर तो दहा टक्के झाला. पाच किलो तांदळात तेवढाच फरक पडला, तर तो हजारी एक. थोडे थोडे घेणाऱ्या गरिबाच्या वाट्याला काट्याची चूकही अशी मोठ्या प्रमाणात येते, आणि यात दुकानदाराची लबाडी असलीच पाहिजे असे नाही. किरकोळ मसाल्यासाठी लहान, बारीक टप्प्याचा काटा वेगळा ठेवणे हाच यावरील सरळ उपाय होय.

पुड्याच्या कागदाचेही तसेच. माल कागदासह तोलण्याची रीत इतकी अंगवळणी पडली आहे की त्याबद्दल विचारणारा ग्राहक चिकट ठरतो. जाड कागद किंवा पुठ्ठ्याचा डबा दहा ग्रॅमचा असेल आणि त्यात शंभर ग्रॅम माल तोलून दिला असेल, तर ग्राहकाने दहा ग्रॅम कागद मालाच्या भावाने विकत घेतला असे होते. सुट्या पैशांऐवजी हातावर ठेवल्या जाणाऱ्या गोळ्या-चॉकलेटांचाही हिशोब कोणी करीत नाही. लहान मुलाला दुकानात पाठविले असेल तर मूल आनंदाने परत येते, हेही खरे.

बंद पाकिटातील मालाची स्थिती थोडी निराळी आहे. पाकिटावर उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क असा मजकूर छापणे आवश्यक असते. छापील किमतीहून अधिक पैसे घेता येत नाहीत. थंड केलेल्या बाटलीमागे ‘थंडाव्याचे’ म्हणून दोन रुपये जादा घेणेही नियमबाह्य आहे. पूर्वी चहा, बिस्किटे यांसारख्या काही वस्तू ठरावीक वजनांतच बांधाव्या लागत. नियमांतील अलीकडच्या दुरुस्तीने ते बंधन काढण्यात आले आणि त्याऐवजी ग्रॅम, किलो किंवा लिटरमागे पडणारी एकक किंमत छापण्याचा नियम आला. किंमत तीच ठेवून पाकीट हलके करण्याची युक्ती या एकक किमतीमुळे उघडी पडते. अट एवढीच की ग्राहकाने ती वाचली पाहिजे. अक्षरे फार बारीक असतात, ही तक्रार रास्त आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. वरील सर्व माहिती शेतमजुराला दिली, पाठ करून घेतली, तरी तो दुकानात ती वापरील काय? बहुधा नाही. त्याचे कारण दुकानदाराच्या वहीत आहे. सुगी येईपर्यंत, उसाचे बिल निघेपर्यंत किंवा मुलाची पगाराची रक्कम येईपर्यंत ज्याचे खाते चालू आहे, त्याला आज वजन कमी भरले असे म्हणणे परवडत नाही. बोलले आणि उद्या खाते बंद झाले तर चूल कशावर पेटणार? ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी अनेक दुकानांत असते, परंतु तिच्या खालीच उधारीची वही उघडी असते. ती कोणासाठी उघडावयाची, हे दुकानदार ठरवितो.

येथे दुकानदाराची बाजूही नोंदविली पाहिजे. त्याचे स्वतःचे खाते तालुक्याच्या घाऊक व्यापाऱ्याकडे असते. फुटलेले पोते, उंदरांनी खाल्लेले धान्य आणि गाव सोडून गेलेल्या कुटुंबाची बुडालेली उधारी हे त्याचे नुकसान असते. २०२० च्या टाळेबंदीत रोजगार बंद पडला, त्या वेळी अनेक घरांना शिधा पुरविला तो याच वहीने. बँकेने ज्याला उभे केले नसते, त्याला दुकानदाराने चेहरा पाहून माल दिला. हा विश्वास मोलाचा आहे. मात्र हिशोब फक्त एकाच्या हातात असणे म्हणजे विश्वास, असे समजण्याचे कारण नाही.

उधारीवर माल घेणाऱ्याला तक्रारीचा अधिकार नाही, हा गैरसमज तर प्रथम दूर व्हावयास हवा. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातील ‘ग्राहक’ या शब्दाच्या व्याख्येत मोबदला दिलेला, देण्याचे वचन दिलेला किंवा काही दिलेला व काही देऊ केलेला, असे सर्व खरेदीदार येतात. १९८६ च्या मूळ कायद्यातही ही तरतूद होतीच. म्हणजे वहीत नाव असलेला माणूस रोखीच्या गिऱ्हाइकाइतकाच ग्राहक आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीबाबत जिल्हा आयोगाकडे तक्रार करताना शुल्क नसते. तथापि दोन रुपयांच्या जिऱ्यासाठी कोणी जिल्ह्याच्या गावी हेलपाटे घालणार नाही, हे उघड आहे. अशा तक्रारींसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आणि जिल्ह्यातील वैध मापन कार्यालय ही जवळची साधने होत.

एकट्याला जे बोलता येत नाही ते अनेकांनी मिळून बोलता येते. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे गट करून महिन्याचा माल एकत्र मागविण्याची पद्धत रुजविली. खेड्यात असे गट नव्याने बांधण्याची गरज नाही, कारण महिला बचत गट तेथे आधीच आहेत. दहा घरांनी मिळून साखरेचे व डाळीचे पोते घेतले, तर पन्नास ग्रॅमच्या तोलातील तूट टळते. गटातून मिळालेल्या अल्प कर्जाने जुनी उधारी फेडली, तर दुकानात बोलण्यास तोंड मोकळे होते. काही दुकानदारांना हे प्रारंभी रुचणार नाही. पण रोखीचे गिऱ्हाईक कोणाला नको असते?

शिक्षकांना यात एक सोपे काम करता येईल. मुलांना घरातील रिकामी पाकिटे आणावयास सांगून एकक किंमत काढण्याची उदाहरणे फळ्यावर घ्यावीत. समजा, पाच रुपयांच्या पुडीत चाळीस ग्रॅम माल आहे, तर किलोला सव्वाशे रुपये पडले. तोच माल किलोच्या पाकिटात कितीला मिळतो, हे मुलांनीच दुकानात पाहून यावे. ग्रामपंचायतीने निरीक्षकाला लेखी कळवून बाजाराच्या दिवशी गावातच वजन-काट्यांच्या पडताळणीची विनंती करावी आणि कोणत्या दुकानाचे प्रमाणपत्र कोणत्या तारखेपर्यंत चालते, याची यादी फलकावर लावावी.

राहिली उधारीची वही. तिच्या दोन प्रती असाव्यात, एक दुकानात व एक ग्राहकाच्या घरी, आणि माल देतानाच दोन्हींत वजन, भाव व रक्कम लिहिली जावी. ज्या घरात लिहिता-वाचता येणारे मूल आहे, तेथे दुसरी वही त्याच्या हाती द्यावी. शाळेतून येता येता ते दुकानात थांबेल आणि काट्यावरचा आकडा स्वतः वाचून वहीत उतरवून घेईल. त्यासाठी दुकानदाराने काट्याचे तोंड ग्राहकाकडे फिरवून ठेवावयास हवे.